छिन्नमनस्कता, मेंदूतील अनुबंध आणि स्थळविचार

१

'स्किझोफ्रेनिया' हे रोगनाम झुरिकचे मनोरोगतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली बर्लिन येथील एका व्याख्यानात प्रथम योजिले आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाने ते रूढ केले. तत्पूर्वी एमिल क्रेपेलिन यांनी या रोगास 'अकाली बुद्धिनाश' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. ब्लॉयलर यांना ते मान्य नव्हते. रोग नेहमीच अकाली जडतो असे नाही आणि त्याचा शेवट नेहमीच बुद्धिनाशात होतो असेही नाही, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी ग्रीक भाषेतील दोन शब्द घेऊन नवे नाव घडविले. त्यांतील 'स्खिझो' म्हणजे फाडणे, चिरणे. आणि 'फ्रेन्' म्हणजे चित्त. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक मौज दिसेल. ग्रीक 'स्खिझो' व संस्कृत 'छिद्' ही एकाच मूळ धातूची रूपे होत. तेव्हा आपल्याकडील 'छिन्नमनस्कता' या प्रतिशब्दाचे मूळ शब्दाशी केवळ अर्थाचेच नव्हे, तर कुळाचेही नाते आहे.

परंतु शब्द जितका नेमका, तितकाच तो फसवाही ठरला आहे. एका देहात दोन माणसे नांदतात, अशी या रोगाविषयी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची होय. ब्लॉयलर यांना अभिप्रेत असलेला भंग हा व्यक्तिमत्त्वाचे दोन तुकडे करणारा नव्हे. एकाच मनाच्या निरनिराळ्या व्यापारांना जोडणारे बंध शिथिल होणे, विचारामागून विचार ज्या साहचर्याने येतो ते साहचर्य ढिले पडणे, हा तो भंग आहे. म्हणजे रोगाच्या नावातच एक सिद्धांत दडलेला आहे: दोष घटकांत नसून घटकांच्या जोडणीत आहे.

हा सिद्धांत आज कोठवर सिद्ध झाला आहे, आणि विशेषत: स्थळविषयक विचारशक्तीच्या अभ्यासाने त्यावर कोणता प्रकाश पडला आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात पडण्याचे कारण पुढे येईलच. तूर्त इतकेच म्हणता येईल की, 'येथे', 'तेथे', 'हा', 'तो' या शब्दांचा विचार करणाऱ्यास मन स्थळाची मांडणी कशी करते, हा प्रश्न टाळता येत नाही.

२

जोडणीतील दोषाची कल्पना ब्लॉयलर यांच्याही आधीची आहे. कार्ल वेर्निके हे नाव आपणांस वाचाघाताच्या संदर्भात परिचित आहे. १८७४ सालच्या प्रबंधात त्यांनी असे मांडले की, भाषेची केंद्रे शाबूत असूनही त्यांना जोडणारे तंतू तुटले तर विशिष्ट प्रकारचा वाचाघात संभवतो. पुढे हाच विचार त्यांनी मनोविकारांना लावला. मेंदूच्या भागांना परस्परांशी जोडणाऱ्या साहचर्यतंतूंचे कार्य खंडित झाल्याने विचारांची एकसंधता नष्ट होते, असे त्यांचे मत होते. मात्र ते पडताळून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. मृत मेंदूच्या छेदात असे तुटलेले तंतू दिसेनात, आणि कल्पना मागे पडली.

जिवंत माणसाच्या मेंदूचे कार्य प्रतिमांत टिपण्याची साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपलब्ध झाल्यावर तिचे पुनरुज्जीवन झाले. १९९५ साली कार्ल फ्रिस्टन व ख्रिस फ्रिथ या लंडन येथील संशोधकांनी छिन्नमनस्कता हा वियोजनाचा विकार असावा काय, असा प्रश्न एका लेखात उपस्थित केला. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे पूर्वललाटखंड, आणि कानशिलाच्या आतील शंखखंड यांच्यातील परस्परव्यवहार या रोगात बिघडलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे एका उपसर्गाचा खुलासा आवश्यक आहे. प्रारंभी या कल्पनेसाठी लॅटिन 'डिस्' हा उपसर्ग लावलेला शब्द वापरीत; त्याचा अर्थ अलग होणे, तुटणे. पुढे त्याच उच्चाराचा ग्रीक उपसर्ग लावलेला शब्द अधिक युक्त मानला जाऊ लागला. त्याचा अर्थ वाईट, बिघडलेले. हा ग्रीक उपसर्ग व आपला 'दुस्' हे सगोत्र आहेत. तेव्हा मराठीत पहिल्यास 'वियोजन' व दुसऱ्यास 'दुर्योजन' म्हणण्यास हरकत नसावी. भेद केवळ शब्दांचा नाही. वियोजनात तार तुटलेली असते. दुर्योजनात तार शाबूत असूनही संदेश अवेळी, कमी जोराने किंवा नको तितक्या जोराने पोहोचतो.

'अनुबंध' हा शब्दही तीन निरनिराळ्या अर्थांनी येतो. एक अर्थ रचनात्मक, म्हणजे दोन भागांना जोडणारे प्रत्यक्ष तंतू. दुसरा सहचारात्मक, म्हणजे दोन भागांतील क्रियेचे चढउतार एकाच वेळी होणे. तिसरा प्रभावात्मक, म्हणजे एका भागाच्या क्रियेने दुसऱ्या भागाच्या क्रियेत घडणारा बदल. पुणे व सातारा यांच्यामध्ये रस्ता असणे, दोन्ही गावांचे बाजार एकाच दिवशी भरणे, आणि पुण्याच्या भावामुळे साताऱ्याचा भाव चढणे या जशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच हे.

रचनात्मक अनुबंधाविषयी आज बराच विश्वसनीय पुरावा आहे. २०१८ साली अनेक देशांतील संशोधकगटांनी एकत्र येऊन ४,३२२ व्यक्तींच्या मेंदूतील श्वेतद्रव्याची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी १,९६३ व्यक्तींना हा रोग होता. तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत तंतुरचनेच्या सुसूत्रतेचे माप रुग्णगटात सरासरीने कमी आढळले. हा फरक एखाद्या ठिकाणी तार तुटल्यासारखा नाही. तो थोडाथोडा आणि सर्वत्र पसरलेला आहे. वेर्निके यांच्या काळी छेदात काही दिसले नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

३

आता स्थळविचाराकडे वळू. आपण एखादे ठिकाण दोन रीतींनी लक्षात ठेवतो. 'माझ्या डाव्या हाताला', 'समोर', 'मागे' या शब्दांत बोलणाऱ्याचे शरीर हाच मूळबिंदू असतो. तो वळला की डावे ते उजवे होते. या रीतीस 'स्वकेंद्री' म्हणू. उलट 'देवळाच्या उगवतीला', 'ओढ्याच्या पलीकडे, वडाजवळ' असे म्हटले असता बोलणारा कोठेही उभा असो, विधान खरेच राहते. या रीतीस 'परिसरकेंद्री' म्हणू. जगातील सर्व भाषा या दोन रीतींवर सारखाच भर देत नाहीत. ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर ही भाषा बोलणारे लोक डावे-उजवे असा व्यवहार न करता दिशांच्या नावांनीच जवळच्या वस्तूंचीही जागा सांगतात, हे स्टीफन लेव्हिन्सन प्रभृतींच्या अभ्यासामुळे आपणांस ठाऊक आहे. मराठीत दोन्ही रीती सुखाने नांदतात. गावात 'वरली आळी', 'खालची आळी' म्हणणारा माणूस शहरात आला की 'उजवीकडे वळा' म्हणू लागतो.

या परिसरकेंद्री ज्ञानास मनात काही आधार असला पाहिजे, हे एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांवरून मांडले. चक्रव्यूहात फिरणारा उंदीर केवळ वळणांची साखळी पाठ करीत नाही. तो त्या जागेचा एक मनोनकाशा तयार करतो व ठरलेला मार्ग बंद झाला तर त्या नकाशाच्या आधारे दुसरा शोधतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७१ साली जॉन ओकीफ व जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना या नकाशाचे शारीर अधिष्ठान सापडले. शंखखंडाच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. समुद्रघोड्याशी असलेल्या साम्यावरून त्यास हे नाव मिळाले. तेथील विशिष्ट पेशी उंदीर विशिष्ट जागी असतानाच उद्दीपित होतात, असे या संशोधकांना आढळले. २००५ साली नॉर्वेत माय-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर यांच्या प्रयोगशाळेने शेजारच्याच भागात षट्कोनी जाळीच्या सांध्यांवर उद्दीपित होणाऱ्या पेशी शोधल्या. जणू नकाशावरील आखणीच. या शोधांबद्दल ओकीफ व मोसर दांपत्य यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नकाशा मात्र केवळ असून भागत नाही. तो वाचून कोठे जावयाचे ते ठरवावे लागते, आणि ठरलेली जागा काही क्षण मनात धरून ठेवावी लागते. हे काम मुख्यत: पूर्वललाटखंडाचे आहे. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखविले की, एखाद्या ठिकाणी क्षणभर दिसलेला ठिपका नाहीसा झाल्यावरही त्याची जागा लक्षात ठेवण्याच्या अवधीत या खंडातील ठराविक पेशी सतत उद्दीपित राहतात. तेव्हा स्थळविचार हा एका केंद्राचा व्यापार नसून दोन दूरच्या भागांतील संवादाचा व्यापार आहे. जोडणीच्या सिद्धांताची कसोटी पाहण्यास म्हणूनच तो सोयीचा ठरतो.

४

या कसोटीचा पहिला महत्त्वाचा प्रयोग सोही पार्क व फिलिप होल्झमन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. प्रयोगाची मांडणी माकडांवरील प्रयोगावरून घेतलेली होती. व्यक्तीने मध्यबिंदूवर दृष्टी ठेवावयाची. कडेस क्षणभर एक खूण दिसते व नाहीशी होते. काही सेकंदांनंतर ती जेथे होती तेथे नजर न्यावयाची. रुग्णांच्या चुका निरोगी व्यक्तींपेक्षा लक्षणीय अधिक झाल्या. परंतु खूण समोर तशीच राहू दिली असता रुग्णांना काहीच अडचण पडली नाही. म्हणजे डोळे वळविण्यात किंवा सूचना समजण्यात दोष नव्हता. जी वस्तू आता समोर नाही तिची जागा मनात धरून ठेवण्यात होता. पुढे १९९५ साली रुग्णांच्या निरोगी नातलगांतही या कसोटीवर काही प्रमाणात हीच उणीव आढळली. अर्थात ती केवळ रोगाच्या झटक्याचा किंवा औषधाचा परिणाम नव्हे, असे दिसून आले.

दुसऱ्या प्रकारचे प्रयोग मनोनकाशाविषयी आहेत. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली उंदरांसाठी एक जलकुंड योजिले. गढूळ पाण्याखाली दडलेला चौथरा भोवतालच्या खुणांवरून शोधून काढावयाचा, असे त्याचे स्वरूप. संगणकाच्या पडद्यावर असेच आभासी कुंड निर्माण करून २००६ साली फेथ हॅनलन व सहकाऱ्यांनी रुग्णांची परीक्षा घेतली. चौथरा दडलेला असता रुग्णांना तो शोधणे जड गेले. तो दिसत असता मात्र ते निरोगी व्यक्तींच्या बरोबरीने पोहोचले. २००८ साली गोडेहार्ड वेनिगर व एवा इर्ले यांनी रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांना दोन आभासी परिसरांतून फिरविले. एका उद्यानात परिसरकेंद्री स्मृती लागे. एका चक्रव्यूहात वळणांची स्वकेंद्री स्मृती पुरे. रुग्ण उद्यानात मागे पडले. चक्रव्यूहात पडले नाहीत.

या निष्कर्षाचे महत्त्व वाचकांनी ध्यानात घ्यावे. या क्षेत्रात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. दीर्घकालीन आजार, औषधांची ग्लानी, उत्साहाचा अभाव यांमुळे रुग्ण कोणत्याही परीक्षेत थोडा मागे पडणारच. मग अमुक एक शक्ती विशेषत्वाने क्षीण आहे असे कशावरून म्हणावे? त्यास उत्तर एकच: दोन परीक्षा तुल्य कठीण असून एकीत रुग्ण मागे पडावा व दुसरीत पडू नये. वरील प्रयोगांत काठिण्य सर्वत्र तंतोतंत सारखे आहे असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरी वस्तू दृष्टीआड होणे आणि मूळबिंदू स्वत:च्या देहाबाहेर नेणे, या दोन ठिकाणीच अडचण पुन:पुन्हा दिसते, हे लक्षणीय होय.

५

ही अडचण आणि जोडणीतील दोष यांचा सांधा कसा जुळतो? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर उंदरांवरील एका प्रयोगातून मिळाले. मनुष्याच्या २२ व्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा जन्मत:च गहाळ असल्यास अशा व्यक्तींपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना पुढे छिन्नमनस्कता किंवा तत्सम विकार होतो. हाच दोष उंदरांत निर्माण करून २०१० साली टॉर्फी सिगुर्डसन, जोशुआ गॉर्डन व सहकाऱ्यांनी त्यांच्या हिप्पोकॅम्पस व पूर्वललाटखंड या दोन्ही भागांतील विद्युत्क्रिया एकाच वेळी नोंदविली. जागा लक्षात ठेवण्याचे काम चालू असताना निरोगी उंदरांत या दोन भागांच्या क्रियेस एकच लय येते. या लयीस 'थीटा' म्हणतात. दोषयुक्त उंदरांत दोन्ही भाग आपापल्या परीने कार्यरत होते; परंतु त्यांचा ताल एकमेकांशी जुळत नव्हता. ज्यांचा ताल अधिक बिघडलेला, त्यांना ते काम शिकण्यास अधिक वेळ लागला.

मनुष्याच्या बाबतीत हीच गोष्ट २०२० साली रिक अॅडम्स, नील बर्जेस प्रभृतींनी तपासली. मेंदूतील विद्युत्प्रवाहांमुळे निर्माण होणारी अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजणाऱ्या यंत्राखाली १८ रुग्णांनी व २६ निरोगी व्यक्तींनी स्थळस्मृतीचे काम केले. स्मरणाच्या वेळी शंखखंडाचा अंतर्भाग व पूर्वललाटखंडाचा मध्यभाग यांच्यातील थीटा लयीची जुळणी रुग्णांत क्षीण आढळली. औषधे, बुद्ध्यंक किंवा डोक्याची हालचाल यांनी या फरकाचा उलगडा होत नव्हता. निरोगी व्यक्तींत ज्याची जुळणी चांगली त्याचे स्मरणही चांगले, असा संबंध होता. रुग्णांत तो दिसला नाही.

मात्र दोष सर्वत्र संबंध कमी होण्याचाच असतो असे समजू नये. आंद्रेआस मायर-लिंडेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले की, कार्यस्मृतीच्या कामात निरोगी व्यक्तींत पूर्वललाटखंड व हिप्पोकॅम्पस यांचा सहचार कामाच्या गरजेप्रमाणे बदलतो, तर रुग्णांत तो तसाच चालू राहतो. जो संबंध वेळी जुळावा तो जुळत नाही, आणि जो वेळी सुटावा तो सुटत नाही. याचसाठी 'वियोजन' यापेक्षा 'दुर्योजन' हा शब्द बरा. कारणाच्या मुळाशी पेशींमधील संदेशवहनाचा, विशेषत: ग्लूटामेट या द्रव्याच्या एका ग्राहकाचा आणि पेशींना आवर घालणाऱ्या निरोधक पेशींचा दोष असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. लय राखणे हे मुख्यत: या निरोधक पेशींचेच काम आहे.

६

आता भाषेकडे येऊ. गेल्या काही वर्षांत मनोनकाशाची कल्पना भूमीपुरती मर्यादित राहिलेली नाही. वस्तूंमधील, घटनांमधील, माणसांमधील संबंधही मेंदू याच यंत्रणेने मांडतो, असे मानण्यास आधार आहे. २०२१ साली मॅथ्यू नूर, रेमंड डोलन व सहकाऱ्यांनी रुग्णांना व निरोगी व्यक्तींना उलटसुलट क्रमाने चित्रे दाखवून त्यांचा खरा क्रम एका नियमाने अनुमानित करावयास सांगितले. त्यानंतरच्या विश्रांतीत निरोगी व्यक्तींचा मेंदू तो अनुमानित क्रम अतिजलद गतीने स्वत:शीच उजळीत होता. हीच उजळणी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चालून आलेल्या वाटेची होत असते. रुग्णांत ती क्षीण होती.

२०२३ साली याच गटाने शब्दांकडे मोर्चा वळविला. एखाद्या वर्गातील शब्द सुचतील तसे सांगा, असे म्हटले असता आपण अर्थाने जवळच्या शब्दाकडून जवळच्या शब्दाकडे जातो. 'गाय' म्हटल्यावर 'म्हैस' येते, 'देवमासा' सहसा येत नाही. रुग्णांच्या शब्दमालिका अर्थाच्या या जवळिकीने कमी बांधलेल्या आढळल्या, आणि हे शैथिल्य हिप्पोकॅम्पसशी निगडित अशा विद्युत्स्पंदांच्या प्रमाणाशी संबद्ध होते. ब्लॉयलर यांनी १९११ साली रुग्णशय्येजवळ बसून जे साहचर्याचे शैथिल्य टिपले, त्याचे मोजमाप शंभराहून अधिक वर्षांनी असे हाती आले.

भाषाशास्त्राने या प्रश्नाला आपल्या बाजूने पूर्वीच हात घातला होता. शेरी रॉचेस्टर व जे. आर. मार्टिन यांनी १९७९ साली रुग्णांच्या बोलण्यातील अन्वयसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या विचारांत विस्कळीतपणा आहे अशा रुग्णांच्या बोलण्यात वाक्यरचना बहुधा शाबूत असते. परंतु 'तो', 'ती', 'ते' म्हणजे नेमके कोण, हे श्रोत्यास कळत नाही. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली दर्शक शब्दांचा मूळबिंदू 'मी–येथे–आता' असा सांगितला. संभाषण चालते ते बोलणारा हा बिंदू सोडून क्षणभर श्रोत्याच्या जागी उभा राहू शकतो म्हणून. श्रोत्यास काय ठाऊक आहे व काय नाही, हे तेथून पाहिल्यावाचून 'तो' हा साधा शब्दही नीट वापरता येत नाही. उद्यानात वाट शोधणे आणि सर्वनामाचा नेमका उपयोग करणे या दोन्ही गोष्टींत मूळबिंदू स्वत:बाहेर नेण्याची एकच क्रिया आहे काय? प्रस्तुत लेखकास हे अनुमान संभाव्य वाटते. परंतु ते अनुमानच आहे. एकाच रुग्णगटात स्थळस्मृती, लयीची जुळणी व दर्शकांचा उपयोग ही तिन्ही एकत्र मोजल्यावाचून त्यास सिद्धांत म्हणता येणार नाही. मराठीसारख्या भाषेत, जेथे 'हा' व 'तो' यांचा भेद निकट-दूर, प्रस्तुत-अप्रस्तुत अशा अनेक अंगांनी चालतो, अशा अभ्यासास चांगला वाव आहे.

७

शेवटी काही मर्यादा सांगणे कर्तव्य आहे. वर दिलेले सर्व फरक गटांच्या सरासरीचे आहेत. दोन्ही गटांतील व्यक्तींची मापे मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून मेंदूची प्रतिमा पाहून अमुक व्यक्तीस हा रोग आहे असे आज कोणासही सांगता येत नाही. रोगाचे निदान अद्यापही लक्षणे पाहून व बोलून करावयाचे असते. बरेच प्रयोग लहान गटांवर झालेले आहेत. आणि उंदरास छिन्नमनस्कता होत नाही. त्यास होतो तो रोगाच्या एका संभाव्य कारणाचा परिणाम.

तरीही या संशोधनात पणास लागलेली गोष्ट लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांत एकास हा रोग आहे. १९५२ नंतर जी औषधे आली त्यांनी भास व भ्रम पुष्कळ आटोक्यात येतात. परंतु स्मृती, अवधान, स्थळविचार यांवर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. आणि रुग्ण पुन्हा शिक्षण घेऊ शकेल काय, नोकरी करू शकेल काय, एकटा प्रवास करू शकेल काय, हे पुष्कळ अंशी याच शक्तींवर अवलंबून असते. भास थांबले की माणूस बरा झाला, असे घरच्यांनी समजावे, आणि मग तो सांगितलेले काम विसरतो, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतो, म्हणून त्यास आळशी किंवा बेपर्वा ठरवावे, ही गोष्ट आपल्या घरांत व आपल्या वर्गांतही घडते. तो आळस नव्हे, तो रोगाचाच एक भाग आहे, इतके जरी या संशोधनाने आपणांस पटविले तरी त्याचा मोठा उपयोग झाला असे म्हणावे लागेल.

भाषेच्या अभ्यासकांवर याहून एक निराळी जबाबदारी आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत रुग्णांच्या विस्कळीत बोलण्याचे नमुने चमत्कार म्हणून उद्धृत करण्याचा प्रघात फार दिवस चालत आला. वस्तुत: बहुतेक रुग्ण बहुतेक वेळ सुसंगतच बोलतात. रोगनामाचा अपशब्द म्हणून किंवा परस्परविरोधी वर्तनाचे विशेषण म्हणून होणारा उपयोगही तितकाच अनुचित आहे. जपानमध्ये 'मनाचे विभाजन' सुचविणारे जुने नाव २००२ साली टाकून 'एकसूत्रता ढळण्याचा विकार' अशा अर्थाचे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले. कोरियात त्यानंतर निवडलेले नाव तंतुवाद्याच्या तारा सुरांत लावण्याच्या कल्पनेवरून घेतलेले आहे. दोन्ही नावांनी भंगाची कल्पना सोडून जुळणीची कल्पना पुढे आणली, आणि ती वर वर्णिलेल्या पुराव्यास अधिक धरून आहे. तार तुटली असेल तर उपाय नाही; सूर उतरला असेल तर तो लावता येण्याची आशा राहते. मराठीत 'छिन्नमनस्कता' या शब्दास पर्याय शोधावा काय, याचा विचार मनोरोगतज्ज्ञांनी, रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी करावयाचा आहे. त्यांनी विचारल्यास शब्दांच्या अर्थाचा व इतिहासाचा हिशेब देण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी आपण तयार असले पाहिजे.